अर्जाची शेवटची तारीख

पुण्यात कर्वेनगरात राहणारी मावशी आणि पेठेत काही वर्षं कॉट बेसिसवर काढून आता तिच्याकडे राहायला आलेली भाची, या दोघींमधलं हे बोलणं आहे. मावशी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेली. मधली काही वर्षं तिनं बँकेच्याच प्रशिक्षण केंद्रात नव्या अधिकाऱ्यांना शिकवण्यात घालवली. वहीत टिपल्याशिवाय तिचं पान हलत नाही. भाची कृषी पदवीधर, राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन दोनदा थोडक्यात राहिलेली. नवी जाहिरात आली आहे आणि अर्जाची मुदत संपत आली आहे. आज सदाशिव पेठेपासून सांगली-लातूरच्या घरांपर्यंत हेच बोलणं कितीतरी ठिकाणी चालू असेल. दोघींपैकी कुणाचंच म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दोन्हींचं वजन मात्र सारखं नाही, आणि जिथं मला राहवलं नाही तिथं मी मध्ये बोलण्याची मुभा घेतली आहे.

मावशी : अर्ज भरलास का गं?

भाची : नाही.

मावशी : भरणार आहेस?

भाची : माहीत नाही. तू विचारलंस की पोटात गोळा येतो, एवढंच कळतं.

मावशी : मग असं कर, कागद घे. पुढच्या वर्षी या दिवशी तुला कुठं असायचंय ते लिही. डोक्यात नुसतं फिरत राहिलं की त्याचं काही होत नाही. लिहिलं की निदान समोर तरी दिसतं.

भाची : कागदाचं नाव काढू नकोस मावशी. माझ्या खोलीत कॉटसमोरच्या भिंतीवर काय होतं, सांगितलंय का तुला कधी? एक कोरा कागद, त्यावर लाल स्केचपेननं माझं नाव, आणि नावाखाली ‘उपजिल्हाधिकारी’. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं होतं, ध्येय रोज डोळ्यांसमोर राहिलं पाहिजे. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी लावले होते. पहिल्या वर्षी तो कागद बघून पहाटे उठायला बळ यायचं. पुढे चिकटपट्टी पिवळी पडली, एक कोपरा सुटला, तो मी दुसरी पट्टी लावून दाबला. मग एकदा निकाल लागला, माझा नंबर नव्हता, आणि त्या रात्रीपासून मी उशी दुसऱ्या टोकाला नेली. कागदाकडे पाठ करून झोपायची. गावाहून आईचा फोन आला आणि तिनं नुसती नावानं हाक मारली तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. नाव होतं, खालची ओळ नव्हती.

मावशी : हे तू कधी बोलली नाहीस.

भाची : काय बोलणार? अभ्यासिकेत सगळ्यांचं तेच. आणि तुम्ही मोठी माणसं म्हणणार, जिद्द कमी पडली.

मावशी : मी नाही म्हणणार. पण एक सांगू का? त्या कागदावर तुझी इच्छा लिहिलेली होती. ती असण्यात गैर काही नाही. पण उद्या सकाळी उठून तू नेमकं काय करायचं, हे त्यात कुठं होतं? माझी वही बघ. हे रकाने बघ. काय, कधी, कुठं, झालं का. पोहायला शिकायचं ठरवलं तेव्हा ‘पोहता आलं पाहिजे’ असं मी लिहिलंच नाही. इथं काय लिहिलंय, वाच.

भाची : ‘सकाळी सात, महापालिकेचा तलाव, महिलांची बॅच. कठडा धरून तोंड पाण्यात घालणे, फुगे सोडणे.’ एवढंच?

मावशी : एवढंच. पाण्यात तोंड घातलं की जीव घाबरायचा माझा. शेजारी सहा-सात वर्षांच्या पोरी उड्या मारायच्या आणि मी कठड्याला घट्ट धरून, डोळे मिटून, नाकातून हवा सोडत उभी. पण ते माझ्या हातातलं होतं. त्या दिवशी केलं की रकान्यात खूण. मग कठडा एका हातानं धरायचा. मग पाय मारायचे. पोहणं त्यातून आपोआप आलं.

मावशीच्या वहीतला हा रकाना मला महत्त्वाचा वाटतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकात हीच गोष्ट प्रयोगांतून तपासली. नाताळच्या सुट्टीत एक निबंध लिहून पाठवायचा, असं काम त्यांनी विद्यार्थ्यांना दिलं. त्यातल्या काहींना आपण तो कधी आणि कुठं बसून लिहिणार हेही आधी नोंदवायला सांगितलं. तसं नोंदवलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांनी वेळेत निबंध पाठवला. बाकीच्यांत हे प्रमाण साधारण एक तृतीयांश होतं. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. पण भाचीचं दुखणं वेगळं आहे, आणि ते एवढ्यानं मिटत नाही.

भाची : मावशी, तलाव कुठं पळून जात नाही. पाणी तुझी कुणाशी तुलना करत नाही. माझ्याकडे पण वेळापत्रक होतंच की. पहाटे साडेपाच ते रात्री अकरा, रंगीत पट्ट्या मारलेलं. राज्यशास्त्र झालं, खूण. चालू घडामोडी झाल्या, खूण. टेस्ट सिरीजचे गुण वाढत होते. सगळं हातातलं मी केलं. आणि मग जागा किती निघणार, कट-ऑफ कुठं लागणार, हे कुणाच्या हातात? २०२२ मध्ये लोकसेवा आयोगानं सांगितलं, आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार. पोरं रस्त्यावर बसली. २०२३ च्या फेब्रुवारीत ते २०२५ वर ढकललं. आम्ही मधल्या काळात कुठल्या पद्धतीनं अभ्यास करायचा? कुणी पाठांतर करत होतं, कुणी उत्तरलेखन. तुझ्या वहीत यासाठी रकाना आहे?

मावशी : नाही. पण म्हणून ठरवायचंच नाही? संशोधन सांगतं ते ऐक. मी केंद्रात शिकवायची हे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम. लेथमनी अमेरिकेत लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवर काम केलं, १९७५ साली ते छापून आलं. ट्रक कायद्यानं जितका भरता येतो त्याच्या साठ टक्केच भरून निघायचे. ‘होईल तेवढं करा’ सांगून फरक पडत नव्हता. मग नेमकं सांगितलं, चौऱ्याण्णव टक्के. काही आठवड्यांत भरणी नव्वदच्या आसपास गेली. ना पगार वाढवला, ना धाक घातला.

भाची : ट्रक भरायचा कसा, हे त्या ड्रायव्हरला आधीपासून येत होतं ना?

मावशी : हो, येतच होतं.

भाची : आणि एकाचा ट्रक भरला म्हणून दुसऱ्याचा रिकामा राहत नव्हता. इथं जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. मी माझा ट्रक चौऱ्याण्णव टक्के भरला आणि कट-ऑफ पंच्याण्णववर लागला, तर लोक म्हणतात ट्रक रिकामाच आहे.

मावशी : (थोडं थांबून) हे खरं आहे. काम आधी येत असण्याचा तुझा जो मुद्दा, त्याच्याकडे लेथम स्वतःसुद्धा पुढे आले. काम नवीन आणि गुंतागुंतीचं असेल तर निकालाचा आकडा डोक्यावर ठेवला की माणूस गोंधळतो. त्याऐवजी ‘हे करण्याच्या अमुक इतक्या पद्धती शोधून काढ’ असं ध्येय दिलं तर काम जास्त चांगलं होतं. मी शिकवताना तो भाग घाईत उरकायची. बँकेत ट्रकवाली गोष्टच सगळ्यांना आवडायची.

भाची : बँकेत ‘टार्गेट’वरून तू घरी येऊन किती चिडायचीस, ते आठवतंय मला. मार्च आला की तुझा आवाज बदलायचा.

मावशी : चिडायचे, कारण विम्याची पॉलिसी ज्याला नकोय त्याच्या गळ्यात मारायची नाही, असं माझं होतं. आकड्याच्या मागे धावताना माणूस काय करतो ते अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं जगाला दाखवलं. एका ग्राहकाला आठ सेवा विकायच्या, असं तिथलं घोषवाक्य होतं. कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावानं खाती उघडली. २०१६ मध्ये साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला, पाच हजार तीनशेच्या आसपास लोकांना बँकेनं आधीच काढून टाकलं होतं. ती सगळी माणसं काय मुळात लबाड होती? आकडा मोठा झाला आणि बाकी सगळं दिसेनासं झालं.

भाची : मग तीच गोष्ट एका माणसाच्या आत घडते तेव्हा? मी मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, कारण प्रिलिम तोंडावर होती. आजोबा शेवटच्या आजारात होते तेव्हा दोन दिवस राहून परत आले. वर्तमानपत्र हातात घेतलं की यातला प्रश्न कुठला येईल, एवढंच दिसायचं. दुष्काळाची बातमी वाचून मला आधी वाईट वाटायचं. नंतर नंतर मी फक्त अधोरेखित करायची.

इथं मी भाचीच्या बाजूचा आहे. ‘ध्येयवेड’ हा शब्द आपण कौतुकानं वापरतो, पण त्याचा हिशेब क्वचितच मांडतो. व्याख्यानांतून एक गोष्ट हमखास सांगितली जाते. येल विद्यापीठातल्या १९५३ च्या वर्गातल्या तीन टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती बाकी सगळ्यांच्या एकत्र संपत्तीपेक्षा जास्त निघाली. असा अभ्यास झालेलाच नाही. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकानं १९९६ साली मूळ शोधायला घेतलं तेव्हा येलकडे त्याचा काहीच पत्ता नव्हता. तरी ती गोष्ट अजून सभागृहांत टाळ्या घेते, आणि समोर बसलेली एकोणीस-वीस वर्षांची पोरं घरी जाऊन भिंतीवर कागद चिकटवतात. ज्यांच्या वर्षांवर आपण बोलतो, त्यांना निदान खरं तरी सांगावं.

मावशी : पण मग तुझं म्हणणं काय? काही ठरवूच नये? येईल तो दिवस ढकलावा?

भाची : तसं नाही. परवा मी कर्वे संस्थेच्या आवारात अण्णांची, म्हणजे महर्षी कर्व्यांची, झोपडी बघायला गेले होते. इतकी वर्षं इथं येते-जाते, कधी आत गेले नव्हते. आल्यावर त्यांच्याबद्दल वाचत बसले. सतरा वर्षांचे असताना ते परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्याला पायी गेले, पावसात, घाट चढून. आणि तिथं त्यांना सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. बसूच दिलं नाही. मला ते वाचताना रडू आलं.

मावशी : पुढे पदवीधर झाले, फर्ग्युसनला गणित शिकवलं.

भाची : हो, पण मला त्यापुढचं सांगायचंय. महिला विद्यापीठ हे त्यांनी कुठं लिहून ठेवलेलं ध्येय नव्हतं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका कुणीतरी त्यांना पाठवली. ती तशीच बाजूला पडली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं, भाषणाची तयारी करताना ती पुन्हा हाताला लागली, आणि १९१६ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. तुझी वही भरून ठेवली असती तर त्या पुस्तिकेला जागा उरली असती का?

मावशी : हा तुझा मुद्दा चांगला आहे. पण अर्धाच आहे. ती पुस्तिका दुसऱ्या कुणाच्या टेबलावर पडली असती तर रद्दीत गेली असती. अण्णांना ती दिसली, कारण १८९६ पासून विधवांच्या शिक्षणाचं काम त्यांनी एक दिवसही सोडलं नव्हतं. मुक्काम कुठला ते माहीत नसेल, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते माहीत होतं. आणि त्यांच्या मेहुणीचं काय? पार्वतीबाई आठवले. विशीत विधवा झाल्या, इथं हिंगण्याला येऊन तिशीच्या आसपास शिकायला लागल्या. पन्नाशी जवळ आली तेव्हा इंग्रजी शिकायचं म्हणून १९१८ मध्ये एकट्या अमेरिकेला गेल्या, लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. ते आपोआप झालं म्हणतेस? त्यांनी ठरवलं होतं.

भाची : त्यांनी ठरवलं, पण इंग्रजी आलं नाही तर मी कुणीच नाही, असं ठरवलं नव्हतं. मला ‘स्वतःला सुधारा’ या बोलण्याचा राग येतो तो यासाठी. सकाळी पाचला उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा, वर्षाला इतकी पुस्तकं वाचा. म्हणजे आत्ता जी मी आहे ती नापास.

मावशी : बेंजामिन फ्रँकलिननं तेरा सद्‌गुणांची यादी केली होती. छोटी वही, दर आठवड्याला एक गुण, चूक झाली की त्या चौकोनात काळा ठिपका. तेरा आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून.

भाची : बघ, ठिपके!

मावशी : पुढचं ऐक. आत्मचरित्रात तो सांगतो की व्यवस्थितपणा त्याला कधी जमलाच नाही, वस्तू जागच्या जागी ठेवणं शेवटपर्यंत अवघड गेलं. तरी तो त्या प्रयत्नाबद्दल समाधानी होता. ठिपका त्या दिवशीच्या कृतीवर पडत होता, त्याच्यावर नाही. मी तुला तेच सांगतेय. तुझ्या भिंतीवर कृतीच्या जागी तूच होतीस. म्हणून प्रत्येक निकाल तुझ्यावर पडला.

भाची : (बराच वेळ काही बोलत नाही.) हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर?

मावशी : मला तरी कुठं सुचलं होतं? तू कागदाचं सांगितलंस म्हणून सुचलं. आणि वहीचंही एक सांगते. एखाद्या दिवशी तलावावर गेले नाही की पूर्वी मला वाटायचं, गेलं सगळं वाया. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी शहाण्णव लोकांवर अभ्यास केला होता. सवय अंगवळणी पडायला साधारण सहासष्ट दिवस लागतात, आणि कुणाला अठरा, कुणाला दोनशे चोपन्नपर्यंत, असा त्यांचा अंदाज. ते एकवीस दिवसांचं जे सगळे सांगतात त्याला तसा आधार नाही. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हापासून मी रिकाम्या चौकोनाला घाबरत नाही.

भाची : मग आता अर्जाचं सांग. भरू?

मावशी : ते मी नाही सांगणार. मी एवढंच विचारते, हा अर्ज भरलास तर थांबायचं कधी, ते ठरलंय का?

भाची : वयाची अट अडतीस आहे. तोवर देता येते.

मावशी : ते आयोगाचं थांबणं झालं. तुझं कधी?

कुठलंही ध्येय ठरवताना आपण पूर्ण करण्याची तारीख घालतो, सोडण्याची घालत नाही. सोडणं म्हणजे हार, हे आपल्याकडे लहानपणापासून मनावर बिंबवलं जातं. कॅनडातले कार्स्टन व्रॉश आणि त्यांचे सहकारी २००३ पासून याचा अभ्यास करत आले आहेत. जे साध्य होणार नाही ते सोडता येणं आणि दुसऱ्या अर्थपूर्ण कामाला लागता येणं, या दोन्ही गोष्टी ज्यांना जमतात त्यांचं मन जास्त स्वस्थ राहतं, असं त्यांना आढळलं. यातला दुसरा भाग विसरून चालत नाही. नुसतं सोडलेल्या माणसाला घरात बसून राहावं लागतं, आणि ते बसणं अभ्यासिकेपेक्षा कठीण असतं. वाटलं तर आईवडिलांनी मुलाच्या पहिल्याच अर्जाच्या दिवशी हे दोन्ही प्रश्न त्याच्याशी बोलून घ्यावेत. निकालानंतर ते विचारले की टोमण्यासारखे लागतात.

भाची : खरं सांगू? अर्जाची साइट मी रोज उघडते. नाव, पत्ता भरते. प्रवर्गापर्यंत येते आणि बंद करते. भीती वाटते म्हणून नाही. आता त्यात काही शोधायचं उरलं नाही, असं वाटतं.

मावशी : आणि कशात उरलंय?

भाची : मातीत. हसू नकोस.

मावशी : मी कशाला हसू?

भाची : मुख्य परीक्षेचा अभ्यास करताना कृषीचा भाग आला की मी वेळापत्रक विसरायची. चोपण जमिनी, सेंद्रिय कर्ब, पाटाच्या पाण्यानं वर येणारे क्षार. आमच्या भागात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी पांढऱ्या पडल्यात, ते मी लहानपणापासून बघते. माझी एक वर्गमैत्रीण शिरूरजवळ माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा चालवते. तिला माणूस हवंय. नमुने घ्यायला शेतावर जायचं, अहवाल शेतकऱ्याला समजेल असा सांगायचा. पगार फार नाही.

मावशी : आईला सांगितलंस?

भाची : नाही. आईला वाटेल, एवढी वर्षं फुकट गेली.

मावशी : आईशी मी बोलते. नको, तूच बोल, मी शेजारी बसते. पण आधी त्या मुलीकडे जाऊन ये. नुसतं ‘बघू’ म्हणू नकोस.

भाची : सोमवारी जाते.

मावशी : सोमवारी किती वाजता?

भाची : मावशी! मी वहीत लिहिणार नाही हं.

मावशी : नको लिहूस. मला सांग, म्हणजे झालं.

भाची : वाकडेवाडीहून आठची एसटी. दहापर्यंत पोचेन. दिवसभर तिच्याबरोबर शेतावर फिरते, काम कसं असतं ते बघते, आणि संध्याकाळी येऊन सांगते की महिनाभर करून बघणार की नाही.

मावशी : आणि अर्जाची मुदत?

भाची : बुधवारी रात्री संपते. तोवर सोमवार होऊन गेलेला असेल.

मावशी : बरं. मग सात वाजता निघावं लागेल तुला, स्वारगेटमार्गे नको जाऊस, डेक्कनवरून जा. डबा काय देऊ?